पहिलं कोण पडलं?

दारात उकिडवं बसायचं, काचपट्ट्यांची डबी मांडीवर घ्यायची आणि विचारायचं, "पहिलं कोण पडलं?" आजाऱ्याला काय होतंय, हा त्यांचा दुसरा प्रश्न असे.

ते हिवताप खात्यात होते. दर पंधरवड्याला चुडाव्याहून सायकलवर आमच्या गावी येत. तापलेल्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेत, गोळ्या देत, दाराआडच्या भिंतीवर तारीख घालत आणि पुढच्या घरी जात. गाव त्यांना गोळीवाले म्हणे. जुलाब-उलट्या हे काही त्यांचं काम नव्हतं. पण डॉक्टर ताडकळसला आणि गोळीवाले दारात, म्हणून लोक त्यांनाच विचारत.

"अन्न बाधलं तर पंगतच्या पंगत आडवी होती, बहुतेक त्याच दिवशी," ते सांगत. "साथ असली का एकेकाला धरत जाती. आज पोरगं, परवा माय, मंग बाप. अंगबी तापतं."

एकदा बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांनाही त्यांनी विचारलं, पहिलं कोण बोललं? दोघांनी एकमेकांकडे बोट केलं. "म्हंजे दोघं एकदम पडले. अन्नातलंच हाय हे," म्हणत ते सायकलवर बसले. भावांना नको असताना हसू आलं.

मी त्या गावच्या शाळेत नवा होतो. आम्ही बौद्ध. आमच्या आळीबाहेरचं माणूस आमच्या घरी पाणीही घेत नसे. मुलीच्या नामकरणाला मी शाळेतल्या चौघांना जेवायला बोलावलं आणि ते खरंच आले. हेडमास्तरांनी कढी दोनदा मागून घेतली. त्या दिवशी माझी बायको भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होती.

तो बुधवार. शुक्रवारी हेडमास्तर आणि आणखी एक शिक्षक उलट्यांनी आडवे झाले. शनिवारपर्यंत हेडमास्तरांच्या घरातून गावात बोलणं पसरलं. गुरुजींच्या पितळी पातेल्याला कल्हई नव्हती म्हणे, कढी कळकली होती म्हणे. बायकोने पातेलं कोपऱ्यात पालथं घातलं. "आता कुणाला बोलवायचं नाही," ती म्हणाली. कल्हई महिन्यापूर्वीच केलेली होती. पण ते आम्ही सांगणार कुणाला?

रविवारी शेजारच्या गावात ही गोष्ट ऐकून गोळीवाले आले. दारात बसले. "वहिनी, कढी कवा केली? ताक कवाचं? उरलेली कुणी खाल्ली?"

बायको उत्तरं देत होती. एकच उत्तर ती दोनदा देऊ लागली, तसं मला राहवलं नाही. "तुमचाही विश्वास नाही का?"

"गुरुजी, कढीत निघालं तर तसंच सांगीन मी," ते पातेलं उजेडात फिरवून पाहत म्हणाले.

मला ते लागलं. त्यांच्या शब्दाला वजन होतं ते याच कोरडेपणामुळे, हे समजायला मला फार दिवस लागले.

दिवसभर ते गावात फिरले. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पाच-सातजण बसले होते. हेडमास्तर घोंगडी पांघरून बसले होते. गोळीवाले त्यांच्यासमोर टेकले.

"सर, सोमवारी मी तुमच्या घरी आलतो. नातवाचं रक्त घेतलं. भिंतीवर तारीख हाय. पोरगं तापलं व्हतं, ओकतबी व्हतं."

"त्याला नजर लागली होती. मीठ-मोहरी ओवाळली, उतरली."

"नजर आसंल. पर त्यो गुरुजींच्या पंगतीला व्हता का?"

"तो कुठला? ते जेवण तर बुधवारी."

"त्येच म्हणायलोय. सोमवारी नातू, मंगळवारी सूनबाई, शुक्रवारी तुमी आन शाळेत तुमच्याजवळ बसणारे मास्तर. काल सुताराच्या घरी दोघं पडले, त्यांनी कढी पाह्यलीबी न्हाई. आन ज्या घरानं ती दोन टाइम खाल्ली, तिथं एकाला ढेकर न्हाई."

"म्हणजे साथ आम्ही आणली म्हणता?"

"साथ कोणी आणत न्हाई, सर. हात धुवा, पाणी उकळून प्या. आन गावात जे बोलला, ते गावातच परत घ्या."

हेडमास्तर घोंगडी सावरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, कढी चांगली होती.

बोलणं थांबलं. जेवायला मात्र कुणी आलं नाही. गोळीवाले तेवढे दर फेरीला दुपारी आमच्याकडे जेवत. त्यांच्यासाठी पातेलं पुन्हा चुलीवर चढलं.

मागच्या महिन्यात ते गेले. मरणाच्या घरी चूल पेटत नाही; पिठलं-भाकरी बाहेरून जाते. निरोप आला तशी बायको पीठ मळायला बसली.

"तिथं आपल्याला कोण ओळखतं? कुणी खाल्लं नाही तर?" मी म्हटलं.

"तर परत आणू."

चुडाव्याला ओसरीवर त्यांचे थोरले भाऊ बसले होते. कुठले, कोण, त्यांनी विचारलं. बायकोने गाव सांगितलं, आम्ही बौद्ध हेही सांगितलं. थोरल्यांनी डब्याकडे पाहिलं.

आतून गोळीवाल्यांच्या मंडळी आल्या. डोळे सुजलेले. "कढीवाल्या वहिनी का तुमी?" म्हणाल्या आणि डबा हातातून घेतला. "दादा, पोरं सकाळपासून उपाशी हायेत. तुमीबी बसा."

थोरले उठले, हात धुऊन आले, आणि पोरांच्या रांगेत बसले.

परतताना चुडावा स्टेशनच्या नळावर बायको रिकामा डबा धूत होती. गाडी लांबून दिसू लागली. मी हाक मारली. डबा केव्हाच स्वच्छ झाला होता; ती तो धूतच राहिली.