बारवेतली पार्वती

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, कारण त्यात मी एका निर्दोष माणसाला अर्धा दिवस चोर समजून पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं.

चारठाण्याजवळच्या एका गावातून तक्रार आली, महादेवाच्या देवळातली पार्वतीची हातभर उंचीची जुनी मूर्ती नाहीशी झाली. खबऱ्याने कळवलं की आदल्या दिवशी एक म्हातारा टेप लावून तिची मापं घेत होता. तासाभरात म्हातारा ठाण्यात हजर. ते निघाले एका संग्रहालयाचे निवृत्त संचालक. परदेशात ग्रीक-रोमन शिल्पं शिकून आलेले, पण पुढचं आयुष्य आपल्याकडच्या शेतात, उकिरड्यावर पडलेल्या मूर्ती सांभाळण्यात घातलेलं. माझा संशय उलट वाढला. ज्याला किंमत कळते त्याचाच हात असतो, हा आमचा अनुभव.

मी दरडावत राहिलो. सर चिडले नाहीत, पण समोरच्या चहालाही त्यांनी हात लावला नाही. शेवटी म्हणाले, "साहेब, माझ्या संग्रहालयात धड मूर्ती अशी एकही नव्हती. तुटके दगड राखण्यात जन्म गेला. आता दगडचोर म्हणून नाव लागलं, तर मागे काय उरलं माझं?" मग त्यांनीच विचारलं, "गुरव काय म्हणतो?"

गुरवाचा जबाब माझ्यासमोरच होता. 'चोर पाहिला नाही.' मी तेवढंच विचारलं होतं.

सरांना घेऊन गाव गाठलं. त्यांनी चोराचं नावच काढलं नाही. म्हणाले, "गुरवबुवा, काल मी म्हणालो ना, मूर्तीचा हात तडकलाय. त्यानंतर तुम्ही काय केलंत?"

गुरवाच्या डोळ्यांना धार लागली. "साहेब, भंगलेल्या देवाची पूजा चालत न्हाई. सकाळीच नारळ फोडला अन् मूर्त बारवेच्या पाण्यात सोडली. मागनं गावानं चोर चोर केलं, तुमी आलात, मंग लय भ्या वाटलं. बोलायची हिंमतच झाली न्हाई."

पंचांसमक्ष मूर्ती वर काढली. सरांनी तिच्या ओल्या दंडावरून बोट फिरवलं. चीर होती तेवढीच होती. ते पायरीवर मटकन बसले आणि हसू लागले. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. सगळ्या गावासमोर मी हात जोडून माफी मागितली.

"चूक माझीही आहे," सर म्हणाले. "तडा म्हणजे माझ्या वहीतली एक नोंद. यांच्या घरी मात्र देवच गेला."

गुन्हा घडलाय असं एकदा मनाने घेतलं की पोलीस चोरामागे धावतो, वस्तूचा विचारच करत नाही. पुढे प्रत्येक तपासात मी आधी वस्तूची चौकशी केली. मूर्ती आता सभामंडपात उभी असते. गुरव तिला गंध लावत नाही, पण रोज न चुकता पुसतो.

त्या संध्याकाळी जबाबावर सही करायला सर ठाण्यात आले. मी भीतभीतच चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून फुर्रकन प्यायला आणि कप पुढे करून म्हणाले, "अजून थोडा टाका. सकाळचा राहिलाय."