उद्या वारं हाये

विजेचा भाव रोज बदलणारा घ्यायचा की वर्षभर एकच, यावरून आमच्या किलकेनीच्या घरात रण माजलं होतं. नवरा माझा पुण्याचा, त्यात सॉफ्टवेअरवाला. त्याला रोजचा भाव हवा होता. रोज दुपारी दुसऱ्या दिवसाचे भाव फोनवर येतात, तासातासाचे. वारा जोरात असला की पवनचक्क्या फिरतात आणि वीज स्वस्त होते. मग त्या तासांत मशीन लावायचं, ओव्हन लावायचा, की झालं. मी नागपूरची. माझी सगळी शाळा भारनियमनाच्या वेळापत्रकात गेली. मिक्सर कधी फिरवायचा आणि केस कधी धुवायचे, हे त्या वेळापत्रकाला विचारून. आयर्लंडला येऊन पुन्हा तेच करायचं असेल तर विमानाचं भाडं कशाला भरलं, असं मी त्याला तोंडावर विचारलं. मला फिक्स भाव हवा होता, डोक्याला ताप नको. शेवटी दसऱ्यापर्यंत रोजचा भाव वापरून बघायचा आणि मग काय ते ठरवायचं, असं झालं. मी हो म्हटलं, पण फ्रीजचं दार जरा जोरातच लावलं.

त्याच आठवड्यात बाबा आले. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तीन महिने माझ्याकडे राहा म्हणून मी हट्टानं बोलावलं होतं. पण आठ दिवसांतच त्यांचा जीव कंटाळला. नागपूरला चौकात गेलं की चार माणसं भेटतात. इथे खिडकीतून शेजाऱ्यांचं मांजर दिसलं तरी तो दिवस बरा गेला म्हणायचा. तक्रार करणारा माणूस नव्हेच तो. पण परतीचं अलीकडच्या तारखेचं तिकीट मिळेल का, असं जावयाला हळूच दोनदा विचारून झालं होतं. त्या रिकाम्या घरात जाऊन ते एकटे काय करणार होते?

दिवसभर आम्ही दोघंही ऑफिसात, तर भाव बघणार कोण? म्हणून नवऱ्यानं ते ॲप बाबांच्या फोनवर टाकून दिलं. आणि काय सांगू, बाबा त्यात रमलेच की! मी ज्या वेळापत्रकाला शिव्या घालत वाढले, ते त्यांनी कधी मनाला लावूनच घेतलं नव्हतं. भाव आले की चष्मा लावून बसायचे आणि संध्याकाळी आम्ही दारात पाय ठेवताच जाहीर करायचे, उद्या वारं हाये. मग दुसऱ्या दिवशी स्वस्त तासात कपडे, कुकर, इस्त्री, सगळं एकदम. एकदा तर धुतलेले पडदे पुन्हा धुऊन ठेवले. का, तर भाव फारच पडला होता. मी कपाळाला हात लावला.

आमच्या शेजारी एक आयरिश आजी एकट्या राहतात. त्यांची वीज फिक्स भावाची, पण वाऱ्याचं वेड त्यांनाही आहे, ते दोरीवरच्या कपड्यांसाठी. कपडे भराभर वाळतील असा दिवस असला की इथली माणसं ‘ग्रँड ड्राइंग’ म्हणून खूश होतात. उद्या वारा आहे, असं बाबांनी एकदा कुंपणावरून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आजींच्या चादरी बघता बघता वाळल्या. झालं! रोज दुपारी अलीकडे बाबा आणि पलीकडे आजी. एकदा वाऱ्याबरोबर पाऊसही आला आणि चादरी चिंब भिजल्या. बाबा दोन दिवस मागच्या दारानं बाहेर पडेनात. शेवटी आजीच हसत हसत ॲपल टार्ट घेऊन आल्या. तेव्हापासून बाबा पावसाचाही अंदाज बघायला लागले. तिकिटाचं नाव निघेनासं झालं.

दसरा आला. नवऱ्यानं बिलं पाहिली आणि मोठ्या मनानं हार मानली. आमचा खरा वापर संध्याकाळचा, आणि नेमकी तेव्हाच वीज महाग. आमच्यासारख्यांना फिक्सच बरं पडत होतं. म्हणजे मी जिंकले होते! श्रीखंडाची वाटी हातात घेऊन मी त्याला चिडवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “बरं झालं. आता रोज पाहाचं काही काम नाई राहिलं. जवाईबापू, ते तिकीट पाहून ठेवजा.”

आवाजात जराही रुसवा नव्हता. त्यामुळेच मला रडू आवरेना.

“फिक्सबिक्स काही नाही,” मी म्हटलं. “रोजचाच भाव राहू दे.”

नवऱ्यानं आ वासला. इतके दिवस कोण भांडत होतं, असं तो विचारू लागला. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारा मुकाट्यानं श्रीखंडाकडे वळला. बाबांनी मात्र चष्मा शोधायला घेतला.

ते पूर्ण तीन महिने राहिले. आता नागपूरला आहेत. ॲप अजून त्यांच्या फोनवर आहे. इथे दुपारी भाव येतात तेव्हा तिकडे दिवेलागण होते. आई गेल्यापासून तीच वेळ त्यांना खायला उठते, आणि त्याच वेळी त्यांचा फोन येतो.

काल मला सुट्टी होती. वारा अजिबात नव्हता, वीज महाग होती, पण कपड्यांचा ढीग बघवेना म्हणून मी मशीन लावलं. तेवढ्यात फोन वाजला.

“उद्या वारं हाये,” बाबा म्हणाले. “कपडे उद्याच धुवजो. आन् शेजारच्या बाईले सांग, पानी येनार हाये, चादरी बाहेर नको टाकू म्हना.”

मशीनचा आवाज त्यांना जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“हो बाबा,” मी म्हटलं. “उद्याच धुते.”