आमटी गार होईपर्यंत

साऱ्या पनवेल गावाने मिळून जेवढी काळजी करायला हवी, तेवढी आमच्या मागच्या खोलीतला बिऱ्हाडकरू एकटा करीत असे. बाकीच्या गावाला शांत झोप लागायची ती त्यामुळेच, अशी माझी पक्की समजूत आहे. तो नगरकडचा ख्रिस्ती मुलगा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आणि हा मुंबईच्या एका कॉलेजातून एम.एस्सी. करीत होता. त्याचा अभ्यासाचा विषय निवट्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा, डोळे टाळूवर घेऊन हिंडणारा बोटभर मासा. आमच्या खाडीतल्या निवट्या अभ्यासाला बऱ्या, असं त्याच्या सरांचं मत पडलं आणि हा वळकटी, छत्री, बायबल आणि हातपेटी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. वाटेत त्याला एक काळजी लागली होती की आपला जात-धर्म मागाहून कळला तर घरमालकाला फसवल्यासारखं होईल. त्यामुळे उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्यापूर्वीच तो बाबांना म्हणाला, "काका, मी ख्रिस्ती आहे, खोलीत मासे पाळणार आहे आणि पहाटे गातो. आधी सांगितलेलं बरं."

बाबा सुधारक होते. त्यांनी ओसरीवरच सर्व धर्म सारखे कसे यावर छोटंसं भाषण केलं आणि जेवणासकट खोली दिली, फक्त त्याचं ताट ओसरीवर मांडायचं ठरलं. आई सुधारणेवर जन्मात कधी बोलली नाही. श्रावणातल्या एका दुपारी, "ओसरीवर पागोळ्या येतात, पोराचा भात भिजतो," एवढंच म्हणून तिने त्याचा पाट उचलून आत बाबांच्या शेजारी मांडला. पाऊस संपला, दिवाळी झाली, तो पाट काही परत बाहेर गेला नाही. बाबांनीही तो विषय काढला नाही.

काळजी करायला त्याला कारण लागत नसे. सकाळच्या एस.टी.ने मुंबईला जायचं असलं की हा कंडक्टर उठायच्या आत स्टँडवर हजर, कारण गाडी आज लवकर सुटली तर? गाडी वेळेवर सुटली की दुसरी काळजी, आपण लवकर पोचलो आणि सर आले नसले तर? खाडीवर जाताना तो भेटेल त्याला भरतीची वेळ विचारी, आणि दोघांनी एकच वेळ सांगितली की दोघेही चुकले असतील या शंकेने तिसऱ्याला गाठी. मातीच्या पसरट कुंड्यांतून खारा चिखल घालून त्याने खोलीत निवट्या ठेवल्या होत्या. त्यांना इथे करमत नसेल, ही काळजी त्याला रोज संध्याकाळी लागे. एकदा त्यातली एक उडी मारून बाहेर पडली आणि नेमकी आईच्या वाळत घातलेल्या पापडांत जाऊन बसली. आई ओरडली ती निवटी पाहून, आणि हा कासावीस झाला तो पापडांचं मीठ तिला बाधेल म्हणून. जवळच्या गव्हाण गावची एक कोळीण त्याला जिवंत निवट्या आणून द्यायची. ती मागच्या दारी उभी राहून आईला म्हणायची, "आमी निवट्या खातो, आन् ह्यो नुसता त्यांच्याकडं बघत बसतो. येडा नाय हां वयनी, पन लय शिकलेला हाय."

गंमत म्हणजे त्याच्या शास्त्रात काळजी करायला बंदी. उद्याची चिंता करू नका, अशी प्रभूची स्पष्ट आज्ञा असल्याचं त्यानेच मला सांगितलं होतं. म्हणजे काळजी केली की पाप, आणि पाप झालं की त्याची वेगळी काळजी. मी त्याला एकदा या घोळात बरोबर पकडलं. तो जरा विचार करून म्हणाला, "उद्याची करू नये असं आहे ना? म्हणून मी उद्याची आजच करून टाकतो."

पेटी मात्र तो अशी वाजवायचा की ऐकणाऱ्याने हातातलं काम विसरावं. रविवारी गावातली चार ख्रिस्ती घरं एका कंपाउंडरच्या माडीवर उपासनेला जमत, तिथे हा पेटीवर असे. आमच्या आळीतल्या राममंदिरातल्या भजनी मंडळाचा पेटीवाला बदली होऊन गेला, तेव्हा मंडळी याच्याकडे आली. याला नाही म्हणवेना आणि हो म्हणायची भीती. शेवटी तोड निघाली. हा सभामंडपाच्या बाहेर पायरीवर बसे, पेटी उंबऱ्याच्या आत ठेवलेली असे, आणि हात लांब करून वाजवी. पाठीला रग लागायची. पखवाजवाला म्हणे, "अरे, आत सरक की, राम काही चावत नाही." हा म्हणे, "राम नाही हो, आमच्या बाबांचं पत्र चावेल." पण भजनाच्या एकाही गुरुवारी त्याने दांडी मारली नाही.

या सगळ्यापेक्षा आमच्या घराला त्याची ओळख झाली ती जेवणाआधीच्या प्रार्थनेने. बाबा ताटाभोवती पाणी फिरवून, चित्राहुती घालून क्षणात मोकळे होत. हा हात जोडून, डोळे मिटून सुरू करी तो मोठ्याने, कारण मनातल्या मनात प्रार्थना केली की त्याला काळज्याच सुचत, असं त्याचं म्हणणं. आधी अन्नाबद्दल आभार, मग ते रांधणारी मावशी, म्हणजे आमची आई. मग त्याचे आईवडील, सर, कोळीण, तिचा दमेकरी नवरा, पखवाजवाला, कुंड्यांतल्या निवट्या. आणि ज्याची जी अडचण असेल ती देवाला तपशीलवार. पाहुण्याने घास घेतल्याखेरीज आम्ही जेवायचं नाही, अशी घरची रीत, त्यामुळे भुकेल्या पोटी आम्हा सगळ्यांना गावाच्या अडचणी कळत. त्यातच एकदा तो म्हणाला, "हे आकाशातल्या बापा, माझ्या मित्राची बी.ए.ची परीक्षा जवळ आली आहे आणि तो तर्कशास्त्राच्या पुस्तकात रहस्यकथा घालून वाचतो. त्याला सुबुद्धी दे." मी डोळे उघडून पाहिलं तर बाबा माझ्याकडेच पाहत होते. नंतर मी त्याला परसात गाठून हे काय म्हणून विचारलं, तर तो माझ्याइतकाच घाबरलेला. म्हणाला, "देवापासून लपवू कसं? त्याला माहीतच असणार ना." बाबांना ही प्रार्थना फार आवडू लागली होती, कारण आपल्या घरात काय चाललंय ते त्यांना एरवी कोणी सांगत नसे. आईची तक्रार एकच. ती पळी हातात धरून म्हणे, "अरे, जरा थोडक्यात आटप. आमटी गार होते." यावर तो डोळे न उघडता विचारी, "कुणाला वगळू मावशी?" आई आमटीचं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवी.

ताईचं लग्न वैशाखात ठरलं होतं. फाल्गुन संपत आला होता, घरात गव्हाचं निवडण-टिपण सुरू झालं होतं. एका रविवारी आम्ही पाटावर बसलो. बाबांनी पाणी फिरवलं. त्याने हात जोडले, "हे आकाशातल्या बापा" म्हणाला आणि थांबला. आम्ही वाट पाहिली. त्याने डोळे उघडले, ताटाकडे पाहिलं आणि प्रार्थना न करता भाताचा घास उचलला.

"काय रे, बरं वाटत नाही का?" बाबांनी विचारलं.

"बरा आहे, काका."

"मग प्रार्थना?"

त्याने घास परत ताटात ठेवला. मग खाली मान घालून म्हणाला, "आज एक गोष्ट आहे ती तुमच्यादेखत बोलायची नाही, असा मी शब्द दिलाय. आणि ती सोडून बाकीचं सगळं देवाला सांगितलं, तर ते त्याच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. म्हणून आज काहीच नको."

पळी पातेल्यावर आपटल्याचा आवाज झाला. आई चुलीकडे तोंड करून उभी होती आणि वळत नव्हती. बाबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

आईच्या छातीत गाठ होती, हे तिने त्या रात्री सांगितलं. दिवाळीपासून होती. लग्न पार पडेपर्यंत घरात कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. सांगितलं ते फक्त याला, कारण याची आत्या मुंबईला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिला आडून विचारून ये म्हणाली. शिवाय, ती मला पुढे म्हणाली तसं, "काळजी सांगायची तर ज्याला करता येते त्याला सांगावी. तुम्ही सगळे नुसते घाबरला असता." आत्याने ताबडतोब घेऊन या म्हणून बजावलं होतं आणि आई ऐकत नव्हती. हा शब्दात अडकला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही आईला मुंबईला नेलं. ऑपरेशन ठरलं. हा आत्याच्या खोलीवर मुक्काम टाकून आईजवळ राहिला. सहामाहीचा अहवाल द्यायचा होता तो राहूनच गेला आणि सरांची बोलणी खाल्ली. बाबा नि मी ये-जा करायचो. इकडे निवट्या होत्या. जन्मात मासळीबाजारातून न गेलेले आमचे बाबा देवपूजा आटोपली की मागच्या खोलीत जाऊन कुंड्यांतलं पाणी बदलू लागले. कोळीण डब्यातून खाडीचं पाणी आणून देई आणि दारातून बजावी, "काका, गोडं पानी घालू नका हां, मरतील. तुमच्या मंडळीला बरं हाय ना?" बाबा मान हलवत आणि जपून पाणी ओतत.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघे बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतून काहीच कळत नव्हतं. याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाबा एकदम त्याला म्हणाले, "अरे, आता मोठ्याने कर. आता लपवायचं काही राहिलं नाही." त्याने हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात सुरू केलं. मावशी, तिची गाठ, डॉक्टरांचे हात, ताईचं लग्न, काका, मी, कोळीण, निवट्या. येणारेजाणारे थबकून पाहत होते. बाबांनी डोळे मिटले होते. संपल्यावर ते हळूच म्हणाले, "अजून कुणी राहिलं असेल तर सांग. घाई नाही."

आई बरी झाली. वैशाखात ताईच्या लग्नात मुंडावळ्या बांधायला तीच पुढे होती. याची एम.एस्सी. सहा महिने लांबली, पण पहिल्या वर्गात झाली, आणि विदर्भातल्या एका कॉलेजात नोकरी लागून तो निघून गेला. जाताना उरलेल्या निवट्या त्याने खाडीत सोडल्या आणि त्या घरची वाट विसरल्या असतील या काळजीने अंधार पडेपर्यंत काठावर उभा राहिला. पुढे आईला बरीच वर्षं मिळाली. पानं वाढून झाली की ती उगाचच पळी धरून थोडा वेळ थांबे. कशाला थांबलीस विचारलं की म्हणे, "काही नाही, जेवा."

ती गेल्यावर दिवसवार आटोपले, आणि एका दुपारी तो आला. कपाळावरचे केस मागे गेले होते, छत्री मात्र तीच असावी. माझ्या बायकोने पानं वाढली. त्याचा पाट बाबांच्या शेजारीच होता. बाबांनी पाणी फिरवलं आणि त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने डोळे मिटले, अन्नाचे आभार मानले, आणि सवयीने म्हणाला, "हे रांधणाऱ्या मावशीला सांभाळ." मग त्याने डोळे उघडून चुलीकडे पाहिलं. आम्ही वाट पाहिली. डोळे पुन्हा मिटून तो म्हणाला, "ती आता तुझ्याकडे आली आहे. तिला जेवण गरम लागतं, तेवढं बघ." बाबांनी आमेन म्हटलं, मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. मग त्याने बाकीच्या सगळ्यांची नावं घेतली. माझी बायको आमटी गरम करायला उठली, तर बाबांनी तिला हाताने थांबवलं. आम्ही ती तशीच खाल्ली.