मावशीचे हात मांडीखाली

आमची मावशी कारखान्यात फिटर होती. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नव्हतं, म्हणून घराखालच्या गॅरेजमध्ये तिनं दर रविवारी मुलांसाठी वर्ग काढला. पुस्तक नाही, फळा नाही. यंत्र खोलायचं, आत काय कशाला फिरवतं ते बघायचं आणि पुन्हा जोडायचं. पहिल्या दिवशी पोरांना बसायला जागा पुरेना.

पण बाईंना एक खोड. मुलानं पाना जरा तिरका लावला की हिचा हात पुढे. "दे इकडे." काम चोख व्हायचं आणि पोरं भिंतीला टेकून जांभया द्यायची. हळूहळू एकेक गळत गेलं. उरली फक्त शेजारच्या डॉक्टरीणबाईंची चष्मिस. मग तिच्या आईनंही मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, हा रविवार शेवटचा; पोरगी म्हणते, सगळं मावशीच करतात, मी नुसती बघते.

मी ते मावशीच्या कानावर घातलं. तिला फार लागलं. स्वच्छ असलेला पाना ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"हीपण गेली तर मी शिकवू कुणाला?"

मी म्हटलं, मग हात आवर.

रविवारी चष्मिसनं पंखा करायला घेतला. मूठ लावलेलं मोठं लाकडी चाक, समोर छोटी कप्पी, कप्पीला पत्र्याची पाती आणि दोन्हींना वेढणारी दोरी. पोरीनं दोरी चढवली ती नेमकी तिढा पाडून. मधे चक्क फुली झाली. मावशीचा हात उठलाच. मी खाकरलो. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि दाढ काढून घेत असल्यासारखा चेहरा करून स्टुलावर बसून राहिली.

मूठ फिरली, पंखा फिरला, पण तोंडावर वारा येईना. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र फडफडायला लागलं. चष्मिसनं पात्यांमागे हात धरून पाहिला. मग मूठ सोडून ती दोरीवरून बोट फिरवत गेली. फुलीपाशी बोट थांबलं.

"मावशी, फुलीमुळे कप्पी चाकाच्या उलट फिरतेय. दोरी सरळ असती तर वारा इकडे आला असता, हो ना?"

मावशीनं नुसती मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

तेवढ्यात वरून आईची हाक आली. चष्मिसनं दप्तर उचललं, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"दोरी मी पुढच्या रविवारी सरळ करणार. तोवर तुम्ही हात लावायचा नाही."

आठवडाभर पंखा टेबलावर तसाच फुलीसकट होता. मावशी येता-जाता त्याच्याकडे बघायची आणि हात पाठीमागे बांधून पुढे जायची. एकदा धूळ झटकताना मी सहज दोरी सरळ करायला गेलो, तर तिनं माझ्या हातावर फाडकन चापट मारली.