नदी कधी चढणार? विचारा क्रॉयडनला!

किस्से जमवावे लागत नाहीत हो. चार माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं कोंडा, मध्ये चहाची किटली ठेवा, ते आपोआप साचतात. आमच्या ऑफिसात तर कामच असं होतं, की न हसता केलं असतं तर वेड लागलं असतं.

ऐंशीच्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये एका कार्पेटच्या दुकानावर हवामानाचे अंदाज काढणारं आमचं सेक्शन होतं. हिमालयाच्या पलीकडे एक उंचावरचं वाळवंट आहे. पाऊस जवळजवळ नाहीच. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळला की नदी चढते, आणि सगळी शेती त्या पाण्यावर. ती नदी यंदा कधी चढणार, हे आम्ही क्रॉयडनमध्ये बसून सांगायचं! तिथला लाकडी पूल पाणी चढायच्या आधी काढून ठेवावा लागे. उशीर झाला तर पूल वाहून जाणार, घाई केली तर माणसं अलीकडे-पलीकडे अडकणार. आणि आमची तारीख उपयोगी ठरत नाही असं दिसलं, तर आमचं सेक्शन बंद, अशी हेड ऑफिसची कायमची धमकी.

आम्ही चौघं. बॉस माल्कम, दूरचे निरोप टाइप होऊन येत ते टेलेक्स मशीन सांभाळणारी जीन, मी, आणि बर्फाचं सगळं गणित ज्यांच्या डोक्यात होतं ते कारखानीस. मूळचे पुण्याचे, त्यामुळे आपण चुकू शकतो ही कल्पना त्यांना नवीन होती. नदी मात्र चौघांपैकी एकानेही पाहिलेली नव्हती.

*

एकदा सकाळी कारखानिसांनी जाहीर केलं, "आज छत्री लागणार नाही." लंचला ते बाहेर पडले आणि वीस मिनिटांनी नखशिखांत भिजून परत आले. बुटातून पचपच आवाज येत होता. आम्ही सगळे माना खाली घालून कागद चाळू लागलो.

जीनने शांतपणे त्यांच्या हातात टॉवेल दिला. म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, लव्ह. कुठेतरी बरोबर आलंच असेल!"

*

एका जानेवारीत क्रॉयडनला बोटभर बर्फ पडला. झालं! ट्रेन बंद, बस बंद, आणि बर्फाचे आम्ही चारही तज्ज्ञ आपापल्या घरी चहा पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो तर मशीनवर त्या नदीच्या खोऱ्यातला टेलेक्स येऊन पडलेला. नदीवर नेमलेले तिथले निरीक्षक रहमतसाहेब यांचा. "कमरेएवढा बर्फ. नेहमीप्रमाणे सात मैल चालून ऑफिसला आलो. मिळाल्याचं कळवा." खाली तोच मजकूर आणखी तीनदा, दर वेळी जास्त काळजीने.

उत्तर काय द्यायचं? माल्कमने खिडकीतून बाहेरच्या बोटभर बर्फाकडे पाहिलं. मग जीनला म्हणाला, "लिही. उशिराबद्दल क्षमस्व. कारण, बर्फ."

*

लंडनच्या इल्फर्ड भागातल्या आमच्या मराठी मंडळींना कुठून तरी कळलं, की कारखानीस हवामानातले आहेत. मग समर पिकनिकची तारीख त्यांनीच काढायची असं ठरलं. "अहो, मला फक्त बर्फातलं कळतं," असं ते सांगत राहिले, पण ऐकतंय कोण? शेवटी त्यांनी एक रविवार दिला आणि वर म्हणाले, "सत्तर टक्के कोरडं."

त्या रविवारी पार्कात असा पाऊस झाला, की बटाटेवड्यांची भाजी झाली आणि मसालेभाताचं खिमट. शंभर माणसं एका झाडाखाली.

कारखानिसांच्या पत्नी सुधाताई पदर पिळत म्हणाल्या, "अहो, ते सत्तर टक्के नक्की कुठे उभं राहिलं की मिळतात?"

*

कारखानिसांची मुलगी नीना इथेच जन्मलेली. रविवारच्या मराठी वर्गात तिने 'माझे बाबा' हा निबंध वाचून दाखवला. "माझा बाबा ऑफिसमध्ये बर्फ वितळायची वाट बघते. मग बर्फ वितळते. मग बाबा म्हणते, मी सांगितलं होतं."

आमच्या सेक्शनचं इतकं नेमकं वर्णन हेड ऑफिसलाही कधी जमलं नाही.

*

आणि मग नव्वदच्या सुमाराला हेड ऑफिसने धमकी खरी करायचं ठरवलं. खोऱ्यातून माणूस येईल, तो आमच्या अंदाजाबद्दल अहवाल देईल, आणि त्यावर सेक्शन राहायचं की जायचं ते ठरेल. मला धडकीच भरली. कारखानिसांनी तर पंचावन्नी ओलांडलेली. या वयात बर्फाचं गणित घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं? आठवडाभर ते डबासुद्धा उघडत नव्हते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आले ते स्वतः रहमतसाहेब! पांढरी दाढी, इस्त्रीचा कोट, आणि आमच्यासाठी पिशवीभर सुके जर्दाळू. जीनने केक आणलेला. माल्कमने घसा खाकरून विचारलं, "आमचं तारखेचं पत्र वेळेवर मिळतं ना?"

"अगदी वेळेवर," रहमतसाहेब म्हणाले. "आल्याबरोबर चहाच्या दुकानाच्या भिंतीवर लावतो. सगळं गाव वाचतं."

कारखानिसांचा चेहरा उजळला. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी केकचा तुकडा उचलला.

"आणि त्या तारखेला पूल काढता?" माल्कमने विचारलं.

"पूल?" रहमतसाहेबांना प्रश्नच कळेना. "पूल आमचे म्हातारे काढतात. सकाळी पाण्यात हात घालून बघतात, आणि काढतात. वाडवडिलांपासून एकदाही वाहून गेलेला नाही."

केक कारखानिसांच्या हातातच राहिला.

"मग आमचं पत्र भिंतीवर कशाला?" माल्कमचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पैजेसाठी! नदी कधी चढणार, प्रत्येक घर आपली तारीख भिंतीवर लावतं. जिंकेल त्याला मोसमातले पहिले जर्दाळू."

माल्कमने डोळे मिटून घेतले. "म्हणजे अहवालात तुम्ही आम्हाला निरुपयोगी लिहिणार."

"तोबा, तोबा!" रहमतसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "'अत्यंत आवश्यक' असं लिहून, सही करून आणलंय. तुम्ही नसाल तर पैजेत मजा काय राहिली?" मग त्यांनी कारखानिसांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि प्रेमाने दाबला. "आणि गेल्या वर्षी तर तुम्ही तिसरे आलात!"