जवाईबापूंनी निवडलेली भाषा

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. पाहुणे येतात, वडे तळले जातात, रात्री नाटक असतं. आणि जावई आला असेल, तर त्या दिवशी त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. माझी पहिली प्रोग्रामिंगची भाषा अशीच ठरली.

बी.ए. झाल्यावर मी बाबांना म्हटलं होतं, मला कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला शिकायचंय. मी काहीतरी लिहावं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर चालावं, एवढंच मला हवं होतं. बाबांनी पुढच्या वर्षीच्या मंडईपर्यंतची मुदत दिली. तोवर काही जमलं नाही, तर सोयरीक बघायची. त्या वर्षी मंडईला मोठ्या बहिणीचा नवरा पुण्याच्या कंपनीतून आला होता, इथेही कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यात अडकवून. बाबांनी मला सोडून त्याला विचारलं.

“जवाईबापू, हिनं कोणती भाषा शिकाव?”

“सी,” भाऊजी वडा मोडत म्हणाले. “पाया पक्का पायजे. दुसरं सगळं बेकार हाये.”

झालं, ठरलं! ब्रह्मपुरीच्या एका क्लासमध्ये माझं नाव घातलं गेलं आणि मी रोज खचाखच भरलेल्या जीपने जाऊ लागले.

सरांच्या तोंडात सदैव खर्रा, तंबाखू-सुपारीचा. कीबोर्डच्या फटींत सुपारीचा भुगा, खिडकीच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या. कळ दाबली की बोट चिकटायचं. पण त्याहून घाण होतं ते शिकवणं. सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, आम्ही तो वहीत उतरवायचो आणि खाली पेन्सिलीने चौकोन आखून त्यात उत्तरही लिहून टाकायचो. तेही फळ्यावरूनच.

“सर, चालवून पाहू का?” मी एकदा विचारलं.

“कायले? उत्तर तं लिहून हाये ना!”

सर जेवायला गेले तेव्हा मी तो प्रोग्राम टाइप केलाच. चालला नाही. फळ्यावर एक अख्खी ओळच सुटली होती. तरी साऱ्या वर्गाच्या वहीत उत्तर बरोबर आणि त्यावर सरांची लाल खूण. मला शिसारी आली. बिचाऱ्या सी भाषेचा यात काहीच दोष नव्हता, पण तिचं नाव ऐकलं की आजही मला खर्र्याचा वास येतो.

वर्ष असंच सडलं. पुन्हा मंडई आली, पुन्हा भाऊजी आले, पट्ट्यासकट. मी वड्यांची परात घेऊन उभी होते.

“सी?” भाऊजी हसले. “आता सी कोण विचारते? पायथन शिकाले पायजे होतं.”

बाबांनी मान डोलावली, गेल्या वर्षी डोलावली होती तशीच. माझं डोकं तडकलं.

“भाऊजी, तुमी कोणती लिहिता?”

“मी कुठी लिहितो? मी तं अ‍ॅडमिनमध्ये हावो. गाड्या न् कँटिन पाहतो.” वर म्हणतात कसे, “आता जाऊ द्या शिकणं. कंपनीत माह्या पाहण्यातला एक पोरगा हाये, चांगला.”

“तुमी म्हणता तं...” बाबा बोलू लागले.

“तोही कँटिनच पाहते का?” मी म्हटलं.

जावयाला असं बोललेलं आमच्या घराने ऐकलं नव्हतं. भाऊजींचा वडा हातातच राहिला. आईने माझ्या हातून परात ओढून घेतली.

मी फोन घेऊन गच्चीवर गेले, कारण रेंज तिथेच येते. दोन-तीन भाषा चाळून पाहिल्या. चीड अशी, की सगळ्यांत सोपी वाटली ती पायथनच, भाऊजींच्या तोंडून निघालेली! थुंकून द्यावीशी वाटली. पण फोनवर ती लगेच चालत होती, आणि या वेळी चालवून पाहणारी मी होते. मी ओळ लिहिली, बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: भाऊजी कँटिन पाहतात.

मागे जिन्यात बाबा येऊन उभे होते. त्यांनी वाचलं. मग खाली जाऊन म्हणाले, “जवाईबापू, पोराचं राहू द्या. पोरगी शिकून राह्यली.”