गाव शिवेबाहेर, बुकिंग कन्फर्म

"आनंदा, देवान कौल दिल्यान. येत्या गुरवारपासून गाव भायर."

फोनवर शैलावहिनी होत्या. मी माझ्या कुडाळच्या ऑफिसात चहाचा कप ओठांशी नेला होता, तो तिथेच थांबला. समोरच्या स्क्रीनवर त्यांच्या नव्याकोऱ्या वेबसाइटची हिरवी पट्टी चमकत होती: शुक्रवार ते रविवार, दोन्ही खोल्या, बुकिंग कन्फर्म.

वहिनींच्या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाला कौल लावतात. देवाने होकार दिला की सगळा गाव, गुरं, कोंबड्या आणि कुत्र्यांसकट, तीन रात्री शिवेबाहेर खोपटी बांधून राहतो. गावात एक चूल पेटत नाही. अशा गावात मी दोन खोल्या विकल्या होत्या, तेही नाश्त्यासह.

गेली वीस वर्षं मी छोट्या धंद्यांना वेबसाइट करून देतो. दोन महिन्यांपूर्वी वहिनी घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या म्हणून आल्या, तेव्हा मी त्यांना तीन रस्ते सांगितले. पहिला, सगळं कोडिंग आपण करायचं. म्हणजे स्वतःच्या जागेत घर बांधणं. हवं तसं होतं, पण खिसा फाटतो. दुसरा, वेबसाइट बिल्डर, म्हणजे तयार साच्यातून साइट करून देणारी ऑनलाइन सेवा वापरायची. हे सजवलेलं भाड्याचं घर. लगेच राहायला जा, दर महिन्याला भाडं भरा. तिसरा, एकच पान करायचं. चार फोटो, पत्ता, फोन नंबर. वाडीच्या वळणावर पाटी लावल्यासारखं.

वहिनींकडे वीस हजार रुपये होते, खोल्यांच्या छपराचे पत्रे बदलायला ठेवलेले; वेबसाइटही त्यातूनच करायची होती. पाहुणे आले नाहीत तर पुढच्या पावसात खोल्या गळणार, आणि गळक्या खोलीत पाहुणे येणार नाहीत.

"माका पाटीच बरी," त्या म्हणाल्या होत्या. "मी फोनार बोलतंय. माणसाचो आवाज आयकलो की कळता, कोणाक तिखट चलता नि कोणाक नाय."

पण मला बुकिंगचं बटण फार आवडतं. पाहुण्याने तारीख निवडायची, पैसे भरायचे, काम झालं. मालकाला विचारायचीही गरज नाही. मी उभा राहून, हातवारे करून दुसऱ्या रस्त्याचं असं वर्णन केलं, की बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने आत डोकावून टाळी वाजवली. वहिनींनी सुस्कारा टाकला. "बरा तर. तुका कळता."

मला काही कळत नव्हतं. बटण तारखा विचारतं. मी सगळे सण बंद करून ठेवले होते, दशावताराची रात्रसुद्धा! पण कौलाची तारीख कुठल्याच कॅलेंडरात नसते. आणि मी परका नाही, मालवणचाच. फक्त आमच्या गावात गावपळण नाही, म्हणून विचारायचं सुचलं नाही.

ऑफिसात मी शुद्ध बोलतो, घाबरलो की मालवणीत शिरतो. "वहिनी, माझा चुकला. मी पाहुण्यांका फोन करून रद्द करतंय. पैसे परत देतंय."

"तू गप रव," वहिनी म्हणाल्या. "पयलेच पाहुणे माझे. माकाच बोलूक होया. नंबर दी."

नंबर दिला आणि मीही कॉन्फरन्सवर कान लावून बसलो. पुण्याच्या एक शिक्षिका होत्या. सोबत नवरा, सासू आणि मुलगी. वहिनी एकदम कार्यालयीन मराठीत शिरल्या.

"ताई, तुमचं बुकिंग आहे. पण गाव नाही."

"गाव नाही म्हणजे?"

वहिनींनी सगळं सांगितलं. मी मनात पत्रे मोजत होतो.

"मग तुम्ही कुठे राहणार?"

"शिवेबाहेर. झावळ्यांच्या खोपटात."

"त्यात आम्हाला जागा होईल का हो?"

वहिनींनी फोन बाजूला धरून नवऱ्याला हाक मारली, "अहो, चार झावळे जास्ती तोडा!"

ते आले. खोपटात झोपले, चुलीवरचं जेवले, रात्री गावकऱ्यांची भजनं ऐकली. सासूबाईंनी अर्ध्या वाडीच्या कोंबड्यांना नावं दिली. चौथ्या दिवशी देवाने परतायचा कौलच दिला नाही, मुक्काम एक दिवस वाढला. शिक्षिकाबाई खोपटाबाहेर उभ्या राहून मुख्याध्यापकांना सांगत होत्या, "नाही सर, आजारी नाही. देव सोडत नाही."

जाताना त्यांनी आपल्या शाळेतल्या आणखी तीन कुटुंबांना वहिनींचा नंबर दिला. बटण नाही, नंबर.

मी बिल्डरचं भाडं बंद केलं आणि स्वतःच्या वेळेत एक पान करून दिलं. चार फोटो, नंबर, आणि खाली एक ओळ: "दुपारी तीन ते पाच फोन करा, तेव्हा चूल शांत असते." उरलेल्या पैशांत एका खोलीचे पत्रे आले. दुसरीचे पाहुण्यांनी आणले.

वहिनींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट सुकी सुरमई पाठवली, वर निरोप, "तुझ्या बटनामुळे पाहुणे गावले." ते अर्धंच खरं आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी सुरमई मी परत केली नाही.

आता नवा ग्राहक आला की बजेट मी नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमच्याकडे तारखा कोण ठरवतं?